घरातलाच माणूस अनोळखी होतो तेव्हा

दादाच्या तेराव्याला जमलेले पाहुणे संध्याकाळच्या एस.टी.ने पांगले. घर एकदम शांत झाले. वहिनी स्वयंपाकघरात उरलेले लाडू डब्यात भरत होत्या. मी पाणी प्यायला आत गेलो, तेव्हा डब्याचे झाकण हातात तसेच धरून त्या म्हणाल्या, "भाऊजी, आजारपणात माझ्या हातून होईल तेवढं सगळं केलं मी. त्याबद्दल मनात काही नाही. पण त्याच्या आधी वर्षभर जी भांडले ना यांच्याशी, ती भांडणं आता कुठं नेऊन टाकू?"

ही गोष्ट २०१९ च्या फेब्रुवारीतली. त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. आज थोडेफार आहे, म्हणून हा लेख. मेंदूतल्या गाठीविषयी आपण ऐकतो ते शस्त्रक्रिया, खर्च आणि 'किती दिवस?' एवढ्यापुरते. त्या आजारात रुग्णाच्या मनाचे काय होते आणि त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाचे काय होते, याबद्दल आपल्याकडे फारसे बोललेच जात नाही.

स्वभाव की आजार?

दादा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत व्यवस्थापक होता. खतावणीत चार आण्यांचा फरक लागला तरी तो सापडेपर्यंत घरी न जाणारा माणूस. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि पतसंस्थेत रात्री दहा-दहापर्यंत गर्दी होऊ लागली. त्याच सुमारास दादाच्या हातून चुका व्हायला लागल्या. व्हाउचरवर सही राहायची, बेरीज चुकायची. सगळ्यांनी म्हटले, कामाचा ताण आहे, होईल ठीक.

पण गर्दी ओसरली तरी दादा ठीक झाला नाही. रविवारी तासन् तास टीव्हीसमोर बसून राहायचा. टीव्ही बंद असला तरी. आंघोळीला चारदा सांगावे लागायचे. मुलीच्या कॉलेजची फी भरायची तारीख गेली, त्याचे त्याला काही वाटले नाही. एकदा चहात साखर कमी पडली म्हणून त्याने कप भिंतीवर फेकला. एका घरी समाचाराला गेला असताना त्याने भलताच विनोद केला आणि स्वतःच हसत बसला. उभ्या आयुष्यात कर्ज न काढलेल्या माणसाने कुणालाही न विचारता हप्त्यावर मोटारसायकल आणली.

वहिनींनी काय समजायचे? त्यांना आधी दारूचा संशय आला, मग मटक्याचा. नात्यातल्या एका आत्याबाईंनी 'बाहेरचं काही आहे का बघा' असे सुचवले. डॉक्टरांनी रक्तदाबाची आणि झोपेची गोळी दिली. संचालक मंडळाने सहा महिने रजेवर जायला सांगितले. घरात रोज भांडण. "तुम्हाला आमचं काही राहिलंच नाही," हे वाक्य त्या घराच्या भिंतींना पाठ झाले असेल.

२०१७ च्या डिसेंबरात एका सकाळी दात घासता घासता दादा खाली कोसळला. हातपाय झटके देऊ लागले. एमआरआयमध्ये दिसले की कपाळामागे, उजव्या बाजूला, लिंबाएवढी गाठ होती. पुढे तपासणीत तिचे नाव कळले: ग्लायोब्लास्टोमा. वर्षभर ज्याला आम्ही स्वभाव म्हणत होतो, तो आजार होता.

कवटीतली जागा

शरीराच्या इतर भागांतली गाठ अनेकदा हाताला लागते, दुखते. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. कवटी हा बंद डबा आहे. आत काही वाढू लागले की दाब वाढतो आणि मग सकाळी उठल्यावर डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणे, फेफरे अशी लक्षणे दिसतात. पण गाठ कुठे आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे केंद्र डाव्या बाजूला असते. तिथे गाठ असली तर शब्द सापडत नाहीत. कपाळामागचा भाग मात्र पुढाकार घेणे, मनाला आवर घालणे, चारचौघांत कसे वागावे याचे भान ठेवणे, ही कामे सांभाळतो. तिथे बिघाड झाला की हात, पाय, वाचा सारे शाबूत राहते आणि माणूस बदलतो.

हे शास्त्राला कळले तेही एका अपघातामुळे. १८४८ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार डोक्यातून आरपार गेली. तो वाचला. चालू-बोलू लागला. पण त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हार्लो यांनी पुढे नोंदवून ठेवले की कामसू आणि समंजस गेज बेपर्वा, शिवराळ झाला. ओळखीच्या लोकांना तो पहिला माणूस वाटेनाच.

हे असे केवळ साध्यासुध्या घरांतच अंधारात राहते असेही नाही. अमेरिकेचे थोर संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांना १९३७ मध्ये डोकेदुखी आणि चक्करीचा त्रास होई, रबर जळल्यासारखा वास येई, वागणे चमत्कारिक झाले होते. भोवतालच्या अनेकांना तो मनाचा ताण वाटला. जूनमध्ये रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हाही निष्कर्ष हिस्टेरियाकडे झुकला. जुलैत ते बेशुद्ध झाले, घाईने शस्त्रक्रिया झाली आणि ११ जुलैला वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी ते गेले. मेंदूत गाठ होती. अमेरिकेतले नामांकित डॉक्टर हाताशी असून जे कळले नाही, ते आमच्या वहिनींना कळायला हवे होते असे कोण म्हणेल?

एक खुलासा इथेच करतो. चिडचिड करणारा प्रत्येक नवरा आणि अबोल झालेली प्रत्येक सासू यांच्या डोक्यात गाठ नसते. मेंदूच्या गाठी विरळा. एकूण कॅन्सरांमध्ये त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. शिवाय सर्व गाठी कॅन्सरच्या नसतात. मेंदूच्या आवरणातून निघणारी मेनिन्जिओमा ही गाठ बहुधा साधी असते आणि ती काढल्यावर अनेक जण पुन्हा कामाला लागतात. पण आयुष्यभर एका पद्धतीने वागलेला माणूस काही महिन्यांत उलटा वागू लागला, आणि जोडीला डोकेदुखी, उलटी, फेफरे, एका बाजूची कमजोरी किंवा बोलण्यात अडखळणे असले, तर भांडण बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

तीस दिवसांची ये-जा

ग्लायोब्लास्टोमाचे उपचार ठरलेले असतात. आधी शक्य तेवढी गाठ काढायची, मग सुमारे सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, अशी बहुधा तीस वेळा किरणोपचाराची फेरी, बरोबर टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या जोड-उपचाराने निम्मे रुग्ण साडेचौदा महिन्यांहून अधिक जगले. नुसत्या किरणोपचाराने हाच आकडा बारा महिन्यांचा होता. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण मात्र दहा टक्क्यांवरून सव्वीस टक्क्यांवर गेले. आकडे वाचताना कोरडे वाटतात. घरात त्यांचा अर्थ असा असतो की पुढची दिवाळी मिळेल, त्याच्या पुढची सांगता येत नाही.

परळला १९४१ पासून उभ्या असलेल्या टाटा हॉस्पिटलच्या आसपास कधी सकाळी फिरून पाहा. विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून आलेली कुटुंबे फायलींच्या पिशव्या छातीशी धरून बसलेली असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. आम्ही दादाला दुसऱ्या एका रुग्णालयात ठेवले होते, पण दृश्य तेच. किरणोपचारासाठी चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करतात आणि तो टेबलाला घट्ट बसवतात, म्हणजे डोके हलत नाही. दादा रोज त्या मुखवट्याला घाबरायचा. ते त्याने आम्हाला सांगितले नाही, तंत्रज्ञाला सांगितले. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने भीती कुणाजवळ बोलायची, हे आपण त्याला शिकवलेलेच नसते.

औषधेही मनावर काम करतात, हे फार घरांना ठाऊक नसते. मेंदूची सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन देतात. ते लागू पडते, पण त्याने भूक खवळते, झोप उडते, कधी माणूस हर्षाने बडबडतो तर कधी रडवेला होतो. फेफऱ्यावरच्या लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते. दादा रात्री दोन वाजता उठून पोहे मागायचा आणि वहिनी डोळे चोळत कांदा चिरायच्या. हे गोळीमुळे आहे, हे आम्हाला तिसऱ्या महिन्यात एका परिचारिकेने सांगितले. डॉक्टरांनी गोळीची वेळ सकाळची करून दिली आणि रात्री थोड्या शांत झाल्या. इथे एक पथ्य पाळायलाच हवे: अशी औषधे आपल्या मनाने कधीही बंद करायची नाहीत. स्टिरॉइड एकदम थांबवणे धोक्याचे असते. पण त्रास होतो हे सांगायचे मात्र जरूर.

आणखी एक गल्लत वारंवार होते. रुग्ण गप्प बसून राहतो याचा अर्थ तो खचला आहे असे नेहमीच नसते. कपाळामागच्या भागाला इजा झाली की इच्छाच उमटत नाही. माणूस दुःखी नसतो, नुसता थांबलेला असतो. उलट दुसरा एखादा खरोखरच नैराश्यात असतो; 'मी ओझं झालोय' असे म्हणत राहतो. दोघे बाहेरून सारखे दिसतात, पण उपाय निराळे. पहिल्याला दिवसाचे साधे वेळापत्रक आणि हाताला धरून उठवणारे कुणी लागते. दुसऱ्याला मनोविकारतज्ज्ञ आणि औषध. हा फरक तज्ज्ञानेच करायचा असतो.

ताप आणि मनस्ताप

आपल्या भाषेत अंगाचा ताप आणि मनाचा ताप यांना एकच शब्द आहे. अंगाच्या तापासाठी घरोघरी थर्मामीटर असतो. मनस्तापासाठीही एक आहे, हे मला दादाच्या आजारात कळले. न्यूयॉर्कच्या डॉ. जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी कॅन्सर रुग्णांच्या मनाचा अभ्यास ही एक स्वतंत्र शाखा म्हणून उभी करण्यात मोठा वाटा उचलला. नैराश्य, मनोविकार हे शब्द उच्चारले की रुग्ण अंग चोरतो, म्हणून त्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा शब्द निवडला: त्रास. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कागदावर थर्मामीटरचे चित्र आले. शून्य म्हणजे काही त्रास नाही, दहा म्हणजे टोकाचा. गेल्या आठवडाभरात तुमचा पारा कुठे होता, तिथे खूण करा. चार किंवा अधिक आला तर पुढे चौकशी करायची: पैसा, घर, झोप, भीती, देवावरचा विश्वास, नेमके कुठे दुखते?

दादाने खूण केली तीनवर. परिचारिकेने सहज तोच कागद वहिनींपुढे धरला. त्यांनी कितीतरी वेळ पेन हातात धरले आणि नऊवर खूण केली. मग घाईघाईने खोडून पाच केले. "पेशंट ते आहेत, मी नाही," त्या म्हणाल्या.

या आजारात असे घडणे नवलाचे नाही. आजारी माणसाला स्वतःतला बदल कळतोच असे नाही; कळतो तो भोवतालच्या माणसांना. अमेरिकेतल्या पॉलीन बॉस या विदुषीने बेपत्ता सैनिकांच्या पत्नींचा अभ्यास करताना एका दुःखाचे वर्णन केले: गेलेल्याचा देह नाही, म्हणून शोक पुरा होत नाही. पुढे त्यांनी दाखवले की याच्या उलटही घडते. देह समोर आहे, ताटावर बसतो, कूस बदलतो. पण आपला माणूस त्यात पुरता नाही. अशा दुःखाला सुतक नाही, तेरावा नाही, कुणी समाचाराला येत नाही. रडावे तर माणूस जिवंत आहे, हसावे तर कशाला, अशी अवस्था. वहिनी त्या अवस्थेत सव्वा वर्ष होत्या आणि आम्ही त्यांना 'खंबीर राहा' म्हणत होतो. मीही. दर रविवारी सकाळी, फोनवर.

सांगायचे की नाही?

आपल्याकडे निदान रुग्णापासून लपवण्याची रीत आहे. त्यामागे प्रेमच असते. आम्हीही 'साधी गाठ आहे, काढली की झालं' असे दादाला सांगितले. फायलीतले कागद काढून ठेवले. त्याचा परिणाम असा झाला की घरातला प्रत्येक जण दादासमोर नाटक करू लागला आणि दादा आमच्यासमोर. शस्त्रक्रियेनंतर चार महिने तो बराच पूर्वीसारखा होता. एका दुपारी तो वहिनींना म्हणाला, "किती दिवस लपवणार आहेस? पोरीच्या लग्नासाठीच्या ठेवीची पावती कुठल्या कपाटात आहे ते तरी विचार मला." ते दोघे त्या दिवशी पहिल्यांदा मिळून रडले. वहिनी सांगतात, सगळ्या आजारपणात त्या रात्री त्यांना झोप लागली.

इतर आजारांत बोलणे पुढे ढकलता येते. मेंदूच्या आजारात शब्द, आठवण, निर्णयाची शक्ती यांपैकी काय आधी जाईल ते सांगता येत नाही. म्हणून जे बोलायचे ते माणूस शुद्धीत, उमेदीत असताना बोलावे. त्याला जेवढे ऐकायचे असेल तेवढे, त्याच्या वेगाने. बँकेची खाती, वारसनोंद, आणि शेवटी काय करावे व काय करू नये हेही. आता आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला आपल्याकडे मान्यता आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. हा विषय काढणे अभद्र नाही. न काढल्याने जे निर्णय मागे राहतात, ते बायको-मुलांच्या डोक्यावर बसतात.

उशाशी बसलेल्याची उसाभर

अखेरच्या महिन्यांत दादाचा डावा हात-पाय गेला. वहिनींचे जेवण ओट्याशी उभ्यानेच व्हायचे. त्यांचा स्वतःचा रक्तदाब वाढला होता, तपासला कुणी नव्हता. वाक्यावाक्याला "माझं काय मेलं" म्हणणाऱ्या बाईला तू कशी आहेस हे विचारणार कोण?

वेदना केवळ शरीराची नसते. मन, पैसा, नाती, श्रद्धा या साऱ्यांची मिळून एक वेदना असते, हा विचार लंडनच्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी मांडला आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झाले, ते देशातले पहिले हॉस्पिस. केरळात कोळिकोडला १९९३ मध्ये उपशामक सेवेची संस्था निघाली आणि पुढे तिथे गल्लीतले शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी प्रशिक्षण घेऊन शेजारच्या रुग्णाकडे जाऊ लागले. या सेवेला 'आता काही उरलं नाही' अशी पाटी समजणे चूक आहे. उपचार चालू असतानाच तिची मदत घेता येते, आणि तिच्या यादीत रुग्णाबरोबर घरही असते.

सगळ्या गावी हे मिळत नाही, हे खरे. पण शेजारधर्म मिळू शकतो. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण फळे नेतो आणि आपल्या ओळखीतल्या दुसऱ्या आजाऱ्याची गोष्ट सांगतो. त्यापेक्षा दोन तास तिथे बसा आणि घरच्या माणसाला झोपू द्या, केस धुऊ द्या, देवळात जाऊन येऊ द्या. 'काही लागलं तर सांगा' असे म्हणू नका. कुणी सांगत नाही. 'मंगळवारी दुपारी तीनला येतो' असे म्हणा आणि या. भाऊबंदांनी रात्री वाटून घ्याव्यात. चिडलेल्या रुग्णाशी वाद घालू नये, खोलीबाहेर जाऊन दोन मिनिटांनी परत यावे; पण तो अंगावर धावून येत असेल तर ते सोसत बसू नये, डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे. आणि आजाऱ्याच्या किंवा त्याची सेवा करणाऱ्याच्या मनात जीव नकोसा झाल्याचा विचार आला, तर टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे आणि मराठीतून बोलता येते.

ती भांडणे

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे एका न्यूरोसर्जनशी बोलताना मिळाले. ते म्हणाले, "तुमच्या वहिनी भांडल्या, कारण त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं की काहीतरी बदललंय. बाकीच्यांच्या लक्षातही आलं नव्हतं." मी हे वहिनींना तसेच्या तसे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. डोळ्याला पदर लावला आणि चहा टाकला.

पतसंस्थेच्या संचालकांना मी निदानाचे कागद नेऊन दाखवले होते. पुढच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी उभे राहून सांगितले, की त्या चुका दादाच्या नव्हत्या, त्याच्या आजाराच्या होत्या. इतिवृत्तात ती ओळ आहे. वहिनींनी तिची झेरॉक्स दादाच्या फोटोच्या मागे ठेवली आहे.

गेल्या वर्षीपासून गावातल्या एका शिंप्याच्या बायकोला हाच आजार आहे. दर मंगळवारी दुपारी वहिनी त्यांच्याकडे जातात. ती कधी त्यांना ओळखते, कधी शिव्या देते. वहिनी तिला मऊ भात भरवतात आणि शिंपीदादा आतल्या खोलीत दोन तास झोपतात. परवा मी विचारले, "त्रास नाही होत पुन्हा तेच बघताना?" त्या म्हणाल्या, "होतो की. पण ती ओरडली की मी त्यांना आतून सांगते, ती नाही हो ओरडत, तिचा आजार ओरडतोय. मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं ना."